मुदत संपली तो गुरुवार

दादाच्या अपिलाची मुदत गुरुवारी, ५ सप्टेंबर २०२४ रोजी संपली. आम्हाला ते २१ ऑक्टोबरला कळलं. मधले ४६ दिवस आम्ही निर्धास्त होतो.

शुक्रवार, ११ जून २०२१. दुपारी ३.५०. कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सात कामगारांचं वर्कशॉप. पॉवर प्रेसखाली दादाचा उजवा अंगठा गेला. वय ४०, पगार १६,५००. कामगार दहापेक्षा कमी, त्यामुळे ईएसआयचा विमा नव्हता. उरला तेव्हा लागू असलेला १९२३चा भरपाई कायदा. त्यात दावा करायला दोन वर्षं मिळत. आम्ही आठ महिन्यांत केला. ती मुदत आम्ही पाळली होती.

शुक्रवार, २८ जून २०२४. दुपारी १२.४०. निकाल. पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला तेव्हा १५,००० धरत. त्याचे ६० टक्के ९,०००. चाळिशीचा गुणक १८४.१७. अंगठ्यासाठी ३० टक्के. एकूण ४,९७,२५९ रुपये. रक्कम बरोबर होती. व्याज मात्र नव्हतं, कारण आमच्या अर्जात व्याजाची मागणीच लिहायची राहिली होती. मालकानं महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, हे कायद्यातच होतं. आणि भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, हे सर्वोच्च न्यायालयानं ४ डिसेंबर १९७५ रोजी, हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तीन वर्षांचं व्याज १,७९,०१३ रुपये होत होतं. त्यासाठी उच्च न्यायालयात अपील करायचं होतं.

दुपारी १२.५५. वकील जिन्यात म्हणाले, "निकालाच्या नकलेचा अर्ज आजच टाका. साठ दिवस असतात." नकलेची खिडकी पन्नास पावलांवर होती. रांगेत नऊ जण. दादाला दोन वाजता वॉचमनच्या ड्यूटीवर पोचायचं होतं. मी म्हणालो, सोमवारी येतो. डायरीत लिहिलं, 'अपील, ६० दिवस'. कोणत्या तारखेपासून, ते लिहिलं नाही.

सोमवार, १ जुलै. तिसरा दिवस. गावाकडं भाताची लागण सुरू होती. गेलो नाही.

सोमवार, १५ जुलै. सतरावा दिवस. वकिलांच्या कारकुनाचा फोन आला, "अर्ज टाकला का?" या आठवड्यात टाकतो म्हणालो.

गुरुवार, २५ जुलै. सत्ताविसावा दिवस. पंचगंगा धोक्याच्या पातळीला आलेली. राजाराम बंधाऱ्यावर ही पातळी ४३ फूट धरतात. आमच्या गावचा रस्ता बंद.

बुधवार, ३१ जुलै. सकाळी ११.१०. नकलेचा अर्ज दिला. तेहतिसावा दिवस होता.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आमचं सगळं तिच्यावरच गेलं. निकालाचा दिवस मुदतीत धरत नाहीत. न्यायालयाला नक्कल तयार करायला जितके दिवस लागतात, तेही साठातून वगळतात. पण अर्ज करण्याआधी आपण घालवलेले दिवस वगळत नाहीत. तयार झालेली नक्कल आणायला आपण लावलेले दिवसही नाहीत.

गुरुवार, ८ ऑगस्ट. नक्कल तयार. अर्जाच्या पावतीवर हीच तारीख दिली होती. पावती माझ्या पाकिटात होती. ३१ जुलै ते ८ ऑगस्ट, हे नऊ दिवस कायद्यानं आम्हाला परत दिले. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ पुन्हा चालू झालं.

गुरुवार, २२ ऑगस्ट. दुपारी ३.२०. नक्कल हातात आली. शेवटच्या पानावर शिक्का होता आणि शिक्क्यात तीन तारखा: अर्ज केला ३१ जुलै, तयार ८ ऑगस्ट, दिली २२ ऑगस्ट. मी फक्त तिसरी वाचली. नक्कल मिळाल्यापासून साठ दिवस, असं धरून घरी कॅलेंडरवर २१ ऑक्टोबरला लाल गोल केला. दादानं विचारलं, "नक्की न्हवं?"

"नक्की."

खरे दिवस चौदा उरले होते.

शुक्रवार, ३० ऑगस्ट. रात्री ८.३०. तालुक्याच्या कोर्टात कारकून असलेल्या मामेभावाचा फोन. बोलता बोलता त्यानं मुदत विचारली. मी ऑक्टोबर सांगितलं. तो थोडा थांबला. म्हणाला, "निकाल जूनचा हाय न्हवं?" हो म्हणालो. मग त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं निघालं. सहा दिवस उरले होते.

गुरुवार, ५ सप्टेंबर. सकाळी ६.४०. दादा रात्रपाळीहून आला. चहाचा कप डाव्या हातानं उचलला.

सकाळी १०.३०. आम्ही शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. गणपती शनिवारी बसणार होते. दादानं दीड फुटाची मूर्ती ठरवली. ५०० रुपये आगाऊ दिले.

दुपारी १.१५. जेवण. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर होती. वहिनींनी झाडलोट करताना ती उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

दुपारी ४.००. मखराला दोरा बांधायचा होता. अंगठ्यावाचून गाठ बसेना. दादानं दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि बांधली.

संध्याकाळी ६.००. मुंबईत उच्च न्यायालयाची कार्यालयं बंद झाली. आम्ही दिव्यांची माळ लावून बघत होतो. साठावा दिवस संपला होता.

सोमवार, २१ ऑक्टोबर. सकाळी ११.२०. मुंबई, फोर्ट. रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊन आम्ही तिथल्या एका वकिलांसमोर बसलो होतो. त्यांनी निकाल वाचला नाही. आधी शेवटचं पान उलटलं. कागदावर आकडे मांडले: २८ जून, साठ, अधिक नऊ. खाली ५ सप्टेंबर लिहिलं आणि त्याखाली ४६.

सकाळी ११.४५. ते म्हणाले, विलंब माफीचा अर्ज करता येईल. पुरेसं कारण दाखवावं लागेल, प्रतिज्ञापत्र लागेल. आधी तो अर्ज, तो मंजूर झाला तर अपील. वेळ किती लागेल, सांगता येणार नाही. फी त्यांनी सांगितली. दादाच्या दीड पगाराएवढी होती. रजाही एकच दिवसाची होती.

दुपारी १.४०. दादा म्हणाला, "चल, जाऊ माघारी." मी गप्प राहिलो. दिवस मोजताना माझी चूक झाली होती, म्हणून मला त्याला थांब म्हणायचं धैर्य झालं नाही. तेव्हा थांबवायला हवं होतं. या कायद्याच्या अपिलांनाही विलंब माफी लागू होती. आणि अशा अर्जांकडे उदारपणे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली काश्मीरच्या एका भूसंपादन खटल्यात सांगितलंय. त्या दिवशी अर्ज केला असता तर ४६ दिवसांचं उत्तर द्यावं लागलं असतं. आम्ही तो केलाच नाही.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. दादाच्या घरापासून तिथं जायला आता रात्रीची गाडी लागत नाही. त्या दिवशी आमचा उशीर ३४७ दिवसांचा झाला होता.

तुमच्या घरात असा निकाल आला असेल तर नकलेचा अर्ज त्याच दुपारी द्या, रांगेत नऊ जण असले तरी. नक्कल हातात आली की आधी शेवटचं पान उघडा आणि शिक्क्यातल्या तिन्ही तारखा वाचा.