दीड टन कशाचे? चोपड्यातलं घर आणि जमिनीखालचा गारवा

दुकानात आपण बिनधास्त म्हणतो, "दीड टनाचा एसी दाखवा." पण टन कशाचे? बर्फाचे! १८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, पुढच्या वर्षी मुंबईला. नंतर गारवा तयार करणारी यंत्रं आली, पण त्यांची ताकद लोक बर्फातच मोजत राहिले. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तो एक टन. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट.

आता चोपड्याकडे येऊ. माझा मामा तालुक्यातल्या गावी जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधतोय. त्याने विचारलं, "अडावदजवळ उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येतं ना? मग जिओथर्मल आपल्याकडे भारी चालेल?"

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. उनपदेवचा झरा ही पृथ्वीच्या खोल पोटातली उष्णता. घरगुती हीट पंपाला तिची गरजच नसते. त्याला हवी असते आठ-दहा मीटर खालची जमीन, जिचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्येच इमारती गरम किंवा थंड करण्याच्या यंत्रावर निबंध लिहिला. जमिनीतून उष्णता घेण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या हाइनरिक झोलीने १९१२ मध्ये पेटंट केली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला एक मोठी ऑफिस इमारत विहिरीच्या पाण्यावर चालणारे हीट पंप घेऊन उभी राहिली. १९७३ ला तेल महागलं आणि स्वीडनसारख्या देशांत घरोघरी याचा विचार सुरू झाला.

हा इतिहास प्रामुख्याने थंड देशांचा आहे, आणि साइज काढताना नेमकं तेच आडवं येतं. जमीन म्हणजे बँकेचं खातं समजा. जिथे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही कडक, तिथे हिवाळ्यात उष्णता काढतात, उन्हाळ्यात परत भरतात. खातं जुळतं. चोपड्यात डिसेंबरच्या रात्री गोधडीवर निभतं. आपण वर्षातले बरेच महिने फक्त भरणाच करणार, वर कॉम्प्रेसरची उष्णता वेगळी. त्यात आपली जमीन मुळातच २७-२८ अंशांची. बोअर कमी खोदले तर ती वर्षागणिक तापत जाते आणि पंपाचा फायदा घटतो. शिवाय कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि आपल्या केळीच्या पट्ट्यात पाणी किती खाली गेलंय हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून "इतक्या स्क्वेअर फुटाला इतके टन" हा हिशोब इथे चालत नाही. आधी बघायचं, घरात उष्णता शिरते किती. मामाचा स्लॅब १००० स्क्वेअर फुटांचा, म्हणजे ९३ चौरस मीटर. बाहेर ४४, आत २६, फरक १८ अंश. उघड्या काँक्रीट स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, साधारण ३.३ वॅट आत येतात. गुणाकार करा: साडेपाच किलोवॅट. म्हणजे दीड टन, नुसत्या छताचे! थेट उन्हाचा मारा यात धरलेलाच नाही. त्याच स्लॅबवर चांगलं इन्सुलेशन घालून तो आकडा ०.५ वर आणला, तर उरतो पाव टन.

आता पाडायला काढलेलं धाबं आठवा. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर मातीचा थर. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर घरातले सगळे अंथरूण घेऊन धाब्यावर. टनाचं गणित कुणाला येत नव्हतं, पण यंत्र लागायच्या आधीच भार कमी केलेला होता.

मामाला मी क्रम सांगितला: आधी छत, मग पश्चिमेची भिंत आणि खिडक्यांवर सावली. मग तासागणिक आणि वर्षभराचा भार मोजायचा. त्यानंतरच बोअरचा भाव विचारायचा. भार कमी झाला की बहुतेकदा एका खोलीपुरता साधा इन्व्हर्टर एसी पुरतो, आणि बोअरचे पैसे केळीच्या ठिबकला लागतात.

तुमच्या गावात धाब्याचं घर अजून उभं असेल, तर मे महिन्यात दुपारी तीनला थर्मामीटर घेऊन आत जा, मग शेजारच्या स्लॅबच्या घरात. दोन्ही आकडे मला पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!