अंगणात गेलेली शाळा

पाटीवर 'श्री' उमटला म्हणजे मूल शिकू लागले, अशी जुनी समजूत आहे. या मापाने मोजले, तर बालवाडीत मूल काहीच शिकत नाही असे वाटावे. तेथे ते मणी ओवते, पेल्यातील पाणी न सांडता ओतते, गुंड्या लावते, गाणी म्हणते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. परंतु शिक्षणाचा पाया हाच होय, हे पटवून देण्यासाठी काही माणसांना आयुष्ये वेचावी लागली.

त्यांतील पहिले नाव जर्मन शिक्षक फ्रोबेल यांचे. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, असे नाव दिले. लोकरीचा चेंडू आणि लाकडी गोल, घन व दंडगोल ही त्यांची साधने. गोल घरंगळतो, घन स्थिर बसतो, दंडगोल दोन्ही करतो. हे आधी हाताला कळावे, मग बुद्धीला, असा त्यांचा विचार होता. प्रशियाच्या सरकारला या खेळांतही धोका दिसला आणि १८५१ साली तेथे अशा शाळांवर बंदी आली. ती १८६० साली उठली. पण फ्रोबेल १८५२ मध्येच निवर्तले होते.

पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालगृह' उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी मुले, हे त्यांचे पहिले विद्यार्थी. म्हणजे ही पद्धती जन्मली ती श्रमिकांच्या मुलांत.

हा विचार भारतीय मातीत रुजविला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजरातीप्रमाणे मराठीतही 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभे केले. तथापि, बालशिक्षणाची साधने महाग असल्याने ते शहरातील सुस्थित घरांपुरतेच उरण्याचा धोका होता. जे रोमच्या गरीब वस्तीत जन्मले, ते येथे श्रीमंतांचे भूषण ठरू पाहत होते.

या अडचणीचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुढील सारे आयुष्य या कामाला वाहिले. बोर्डीत विकतच्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे आणि काड्यांनी घेतली. लहानमोठे ओळखणे, मोजणे, रंग निवडणे हे सारे त्यांवर साधते; बियांना किंमत पडत नाही, म्हणून त्यांतून मिळणारे ज्ञान हलके होत नाही.

परंतु साधने स्वस्त झाली तरी हरिजनवाड्यातील मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत नेण्यात आली. घरांपुढच्या अंगणात मुलांना जमवावे, हातपाय धुवावे, केस विंचरावे, मग गाणी आणि खेळ घ्यावेत, असा तो क्रम होता. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपैकी कोणी गुरे राखी, तर कोणी धाकटे भावंड सांभाळी. गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. धाकट्याची सोय झाल्यावाचून थोरल्याची शाळा होत नाही, हे तेथे ओळखले गेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला हक्क सहाव्या वर्षापासूनचा आहे. तीन ते सहा या वयाला शिक्षणाच्या मूळ आराखड्यात स्थान मिळाले ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात.

आज एकीकडे हे स्थान मिळत असता, दुसरीकडे चार वर्षांच्या मुलाने पाने भरून लिहावे असा आग्रह वाढत आहे. ज्या बोटांनी अजून मणी नीट ओवले नाहीत, त्यांना पेन्सिल धरावयास लावणे म्हणजे जोते भरण्यापूर्वी भिंत उचलणे होय. बोर्डी आणि कोसबाडच्या मुलांच्या हाती प्रथम आल्या त्या शिंपल्या आणि बिया. अक्षरे त्यानंतर आली आणि तयार झालेल्या हातांत आली.