सांडलेली बुगडी: मावळातील शोधाच्या रीतीचा इतिहास

अंगावरचा दागिना नकळत गेला, तर जुन्या मराठीत तो 'सांडला' किंवा 'पडला' असे म्हणत आणि कोणी नेला असेल तर तो 'चोरीस गेला' असे म्हणत. हा भेद केवळ शब्दांचा नव्हता, कारण पहिल्या प्रसंगी गाव शोधाला लागे आणि दुसऱ्या प्रसंगी गावच जबाबदार ठरे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या वाटेशी तर सांडलेल्या दागिन्याचे नाते मराठी मनात कायमचे जडले आहे. 1959 साली आलेल्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि आशा भोसले यांनी गायलेल्या लावणीत साताऱ्याला जाताना जी बुगडी सांडते, ती कानाच्या वरच्या पाळीत घालायची असते आणि छोट्या मळसूत्राच्या आधारावर राहते, म्हणून मळसूत्र सैल होताच ती कोणाच्या ध्यानात न येता गळून पडते. याच वाटेलगत, नसरापूर-कापूरहोळच्या परिसरात, भोर तालुक्यातील कामथडी हे गाव आहे. या गावाच्या आणि एकूणच भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्याच्या जुन्या जीवनक्रमात अशा शोधाची रीत कशी होती, हे पाहिले म्हणजे दागिन्याचे मोल केवळ सोन्याच्या भावाने का मोजता येत नाही, ते कळते.

दागिना हे स्त्रीधन होते. माहेराहून मिळालेले किंवा लग्नात अंगावर घातलेले जे धन धर्मशास्त्राने स्त्रीचे स्वतःचे मानले, त्यात जमिनीपेक्षा दागिन्यांचाच वाटा मोठा असे, आणि सावकाराकडे गहाण पडणारी पहिली वस्तूही दागिनाच असे. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची मानण्याची चाल लक्षात घेतली, तर एक वाटी हरवणे म्हणजे एका घराची खूण हरवणे, असे बाईला का वाटे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मंगळसूत्र तुटले तरी 'तुटले' हा शब्द तोंडातून न काढता ते 'वाढले' असे म्हणण्याचा संकेतही त्याच भीतीतून आला आहे.

शोध घेणारा पहिला हात अर्थातच घरातलाच असे. मावळात भाताची लावणी चिखलात वाकून होते. गुडघाभर चिखलात बोटातले वळे किंवा पायातले जोडवे निसटले, तर खाचराचा बांध फोडून पाणी काढून टाकणे, तेवढ्या जागेतला चिखल मुठीमुठीने दाबून पाहणे आणि तरीही न मिळाल्यास कापणीनंतर जमीन वाळेपर्यंत थांबणे, याखेरीज उपाय नसे. घासायच्या भांड्यांबरोबर गेलेली अंगठी राखेत असे, म्हणून उकिरड्यावर टाकलेली राख चाळणीने चाळली जाई. खळ्यावर पडलेला मणी सुपात येई. विहिरीत पडलेल्या वस्तूसाठी दोराला गळ, म्हणजे अनेक आकड्यांचा लोखंडी काटा, बांधून तळ चाचपला जाई आणि तेवढ्याने न भागल्यास उन्हाळ्यात विहीर उपसण्याची वाट पाहिली जाई. घरातल्यांच्या हातून काही लागले नाही, तर झारेकऱ्याला बोलावले जाई. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख आणि ओढ्यातली रेती पाण्यात धुऊन, जड कण तळाला बसवून त्यातले सोने-रुपे वेगळे काढणारा तो झारेकरी. लोक ज्याला धूळ म्हणून झाडून टाकतात त्यातच ज्याचे पोट होते, अशा या कारागिराच्या कसबाकडे इतिहासलेखकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सापडलेली वस्तू कोणाची, हे ठरे ते खुणेवरून. याज्ञवल्क्यस्मृतीने हरवलेल्या धनाबाबत सांगितलेला नियम असा आहे की, मिळालेली वस्तू राजाने मालकाला द्यावी, परंतु हक्क सांगणाऱ्याला ती खुणांनी ओळखता आली नाही तर तिच्या किमतीइतका दंड त्याला करावा. गावात ही खूण सोनारच सांगू शके, कारण वजन त्याच्या ध्यानात असे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा, या मापाने तोललेल्या दागिन्यात किती गुंजा घट धरली, डाग कुठे दिला, नथीचा फासा कोणत्या बाजूला वळवला, हे घडवणाऱ्याला आठवत असे.

हरवल्याची दवंडी गावात महार देई. चोरीचा संशय असला तर मात्र काम रामोशाकडे, म्हणजे गावच्या रखवालदाराकडे जाई. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने 1819 साली लिहिलेल्या अहवालात गावरखवालदारीची जी पद्धत आली आहे, तिच्यानुसार चोराचा माग, म्हणजे पावलांचा ठसा, आपल्या शिवेपर्यंत काढून पुढच्या गावाच्या हवाली करणे ही रखवालदाराची जबाबदारी होती आणि माग आपल्या हद्दीतच विरला तर नुकसान भरून देण्याचा बोजा त्याच्यावर व गावावर येई. या पद्धतीचे कौतुक पुष्कळदा होते, पण तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही: संशयाचे पहिले बोट नेहमी ज्यांच्याकडे वळे, तेच लोक फुकटच्या राबणुकीवर हा शोध घेत होते, आणि सांडलेली वस्तू 'चोरीस गेली' असे ठरले की निर्दोष माणसाच्या गळ्याशी येई.

माणसांचे उपाय थकले की पंचांग उघडले जाई. अभिजितासह 28 नक्षत्रांची रोहिणीपासून क्रमाने अंधाक्ष, मंदाक्ष, मध्याक्ष व सुलोचन अशा सात-सातांच्या चार गटांत वाटणी करून, वस्तू ज्या नक्षत्रावर हरवली त्यावरून ती लवकर मिळेल, कष्टाने मिळेल, नुसती ऐकू येईल की मुळीच मिळणार नाही, हे पाहण्याची रीत पंचांगात आजही छापलेली असते. हरवलेली वस्तू मिळावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणत घर धुंडाळणारी वडीलधारी माणसेही अनेक घरांत आहेत.

सांडलेली वस्तू आणि पुरलेला ठेवा यांत कायद्याने फरक केला आहे. वेल्ह्याच्या डोक्यावरच्या तोरणा किल्ल्याची डागडुजी चालू असताना शिवाजी महाराजांना सापडलेले धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यास लागले, असे सांगितले जाते. त्या धनावर दावा सांगणारा कोणी नव्हता. 1878 च्या निखात निधी अधिनियमाने मात्र दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. वाटेत पडलेल्या दागिन्याला हा कायदा लागत नाही. तिथे 1860 च्या दंडसंहितेचे कलम 403 लागू होई आणि 1872 च्या करार अधिनियमाने सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर मालकाच्या ठेवीप्रमाणेच तिची काळजी घेण्याची जबाबदारी टाकली.

भोर संस्थान 1948 साली विलीन झाले, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली, 1962 च्या कायद्याने महसुली पाटीलकीही गेली, आणि गावाच्या जुन्या शोधव्यवस्थेचा आधार उरला नाही. वतनी वेठ संपली हे योग्यच झाले. तिच्याबरोबर शोधाची सार्वजनिक जबाबदारीही गेली आणि तिची जागा वस्तू सापडलेल्या माणसाच्या वैयक्तिक प्रामाणिकपणाने घ्यावी, अशी अपेक्षा उरली. दंडसंहितेत याचे उदाहरण म्हणून अंगठीच घेतली होती: मौल्यवान अंगठी सापडली, मालक ठाऊक नाही, आणि मालकाचा शोध न घेता ती लगेच विकली, तर तो अपराध. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा नियम कलम 314 मध्ये आहे.