रायफलची दुर्बीण (स्कोप)

रायफलवर बसवून लक्ष्य मोठे दाखवणारे आणि त्यावर नेमाच्या रेषा उमटवणारे उपकरण. नेमबाज तिला ‘स्कोप’ म्हणतात. पेण-रोह्याच्या पट्ट्यात ती घेणाऱ्याला भिंगांच्या आधी नियम पाहावे लागतात.

शिकारीसाठी स्कोप घेण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाडचे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची वाटच बंद केली. रानडुकरे भातशेती उकरतात ही तक्रार खरी आहे. पण त्यांच्यावर बंदूक चालवायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. बाजारात ‘हंटिंग स्कोप’ म्हणून खपणाऱ्या मालाला इथे त्या नावाचा उपयोग नाही.

राहिली लक्ष्यावरची नेमबाजी. इथला नवखा नेमबाज बहुधा ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या एअर रायफलने सुरुवात करतो. शस्त्र नियम २०१६ नुसार छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आणि नळी .१७७ इंचापर्यंत असेल तर परवाना लागत नाही. पेणला जवळचे मोठे केंद्र पनवेलचे. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर तिथे प्रशिक्षण देत आल्या आहेत. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेही दुर्बिणीशिवाय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० आणि ५० मीटरच्या रायफल प्रकारांत नेमासाठी दुर्बीण चालतच नाही; मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे कड्याची फोरसाइट असते. पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे याच साइटने नेम धरतो. धावत्या लक्ष्याच्या प्रकारात मात्र दुर्बीण चालते. ज्याला स्पर्धाच खेळायची आहे त्याने स्कोपचे पैसे चांगल्या पीप साइटवर आणि नेमबाजीच्या जॅकेटवर घालावेत. ५० मीटरवर छिद्र कुठे पडले ते पाहायला स्टँडवरची वेगळी दुर्बीण वापरता येते, तिला हरकत नाही.

हौसेच्या सरावासाठी स्कोप घ्यायचाच असेल तर ‘४ × ३२’ या आकड्यांचा अर्थ ठाऊक हवा: चौपट मोठी प्रतिमा आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, इथे ८ मिलिमीटर. तोच स्कोप १६ पटीचा असता तर झोत २ मिलिमीटरचा झाला असता. डोळा नेमका जागेवर ठेवावा लागला असता आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसला असता. पटीचा मोह नवख्याला हमखास पडतो.

दहा मीटरवर खरी अडचण पॅरलॅक्सची. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात. त्यांतून जवळचे लक्ष्य धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की रेषा लक्ष्यावरून सरकतात. म्हणून पुढचे भिंग फिरवून दहा मीटरपर्यंत जुळवता येईल असाच स्कोप निवडावा. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. हा उलटा धक्का साध्या स्कोपची आतली भिंगे सैल करतो. तेव्हा एअर रायफलसाठीच बनवलेला स्कोप आणि न सरकणारा माउंट घ्यावा.

झिरो करताना, म्हणजे रेषा आणि छिद्र एका जागी जुळवताना, स्कोपवरच्या फिरत्या बुरुजाची (टरेटची) एक क्लिक बहुधा पाव मिनिट कोनाची असते. १०० मीटरवर ती नेम सुमारे ७ मिलिमीटर हलवते, दहा मीटरवर जेमतेम ०.७. पहिल्या दिवशी पाच-सहा क्लिक करूनही छिद्र तिथेच दिसले तर स्कोप बिघडलेला नसतो.

कोकणात आणखी एक कसोटी लागते ती पावसाळ्याची. नायट्रोजन भरून बंद केलेली नळी आतून धुके धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर बुरशी चढतेच. फोमच्या पेटीत ओलावा कोंडतो. जून ते सप्टेंबर स्कोप सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात.