अग्निशमन जवानांचा सन्मान कसा होतो? १४ एप्रिल, राष्ट्रपती पदक आणि पुण्याचे दल

पुण्यात आगीची बातमी बहुतेक वेळा ठरलेल्या पद्धतीने संपते. आग कुठे लागली, किती बंब गेले, किती वेळात आटोक्यात आली हे सांगून झाले की शेवटी एक ओळ येते: या कामगिरीत अमुक अधिकारी, अमुक वाहनचालक, अमुक तांडेल आणि अमुक जवान यांनी सहभाग घेतला. वाचक ती ओळ सहसा सोडून देतात. पण दलातल्या बहुतेकांच्या वाट्याला येणारा जाहीर गौरव तेवढाच असतो. पदके, सत्कार, मानवंदना थोड्यांपर्यंतच पोहोचतात, आणि पुष्कळदा माणूस गेल्यावर पोहोचतात.

त्या ओळीतला ‘तांडेल’ हा शब्द मूळचा समुद्रावरचा आहे. खलाशांच्या टोळीचा म्होरक्या तो तांडेल. अग्निशमन दलात तो जवानांच्या तुकडीचा पुढारी असतो, अधिकारी आणि जवान यांच्या मधला दुवा.

१४ एप्रिलच का?

देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. या तारखेचे मूळ मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजावर कराचीत कापसाच्या गाठीही चढवल्या होत्या. कापसाने पेट घेतला. मुंबई अग्निशमन दलाचे जवान जहाजावर आणि धक्क्यावर पाणी मारत असताना, दुपारी चारनंतर, जहाजाचा स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आतच दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

त्यांच्या स्मरणार्थ देशातल्या केंद्रांवर या दिवशी मानवंदना दिली जाते. सप्ताहात शाळा, रुग्णालये, सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिके होतात. पुण्यातही हेच चालते. मात्र हा स्मृतिदिन सगळ्यांचा मिळून असतो. एखाद्या जवानाने एखाद्या दिवशी नेमके काय केले, याची नोंद घेणारी व्यवस्था वेगळी आहे.

पदके कोणती?

इंग्रजी राजवटीत १९४० पासून पोलीस आणि अग्निशमन सेवेसाठी राजाच्या नावाचे एकत्र पदक होते. प्रजासत्ताक झाल्यावर १ मार्च १९५१ रोजी त्याच्या जागी राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक आले. पुढे अग्निशमनासाठी स्वतंत्र पदके झाली. शौर्यासाठी दोन आणि सेवेसाठी दोन, आणि प्रत्येक जोडीत एक राष्ट्रपतींच्या नावाचे.

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून ही रचना बदलली. पोलीस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची मिळून सोळा पदके होती, त्यांची चार करण्यात आली: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, राष्ट्रपतींचे विशिष्ट सेवा पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवा पदक. कारभार सुटसुटीत झाला हे खरे. पण ‘अग्निशमन’ हा शब्द पदकाच्या नावातून गेला, याची रुखरुख दलातल्या माणसाला वाटली तर ती समजण्यासारखी आहे.

पदकांची यादी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने जाहीर होते. पदक हातात पडते ते नंतरच्या समारंभात. शौर्य पदक मरणोत्तरही दिले जाते.

शिफारस कोण करते?

अग्निशमन सेवा हे मुळात महापालिका आणि नगरपालिकांचे काम आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते तसे नोंदले आहे. त्यामुळे पुणे परिसरातच अनेक दले आहेत: पुणे महापालिकेचे, पिंपरी-चिंचवडचे, पीएमआरडीएचे आणि कॅन्टोन्मेंट बोर्डांचे. प्रत्येकाची आस्थापना वेगळी. मोठी आग लागली की हद्द विसरून सगळे जातात, पण शिफारस करायची तर ज्याच्या-त्याच्या कार्यालयानेच. तिथून ती राज्य शासनाकडे आणि मग केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते.

म्हणजे पदकाची वाट कागदातून जाते. जवान आत किती वेळ होता, कोणत्या मजल्यावरून कोणाला आणले, त्या वेळी धोका काय होता, हे नीट लिहून ठेवलेले नसेल तर वरच्या कार्यालयापुढे ठेवायला काहीच उरत नाही. त्यात शौर्याची कसोटीही कडक आहे. जोखीम मोजताना त्या माणसाचे कर्तव्य काय होते हेही धरले जाते. आगीत शिरणे हे तर जवानाचे रोजचेच काम. त्यापलीकडे काय केले, ते दाखवावे लागते.

दुसरी अडचण कामाच्या स्वरूपातच आहे. पदक एका नावाला मिळते, काम मात्र तुकडीने होते. आत गेलेल्या दोघांच्या हातातल्या नळीला पाणी मिळते ते बाहेर पंपावर उभ्या माणसाने दाब सांभाळला म्हणून. तो जागेवरून हलला तर आतले दोघे उघडे पडतात. पण तो धुरात शिरताना कोणाला दिसत नाही, आणि त्याच्या शौर्याचे वर्णन लिहायला बसले तर दोन ओळीही होत नाहीत. सेवा पदके या माणसाच्या दीर्घ, निर्दोष नोकरीसाठीच असली तरी तिथेही अधिकाऱ्याचा सेवातपशील सहज भरतो, चालकाचा भरत नाही.

दापोडी, फॅशन स्ट्रीट, काळबादेवी

१ डिसेंबर २०१९ रोजी दापोडीत सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खोदलेल्या खोल खड्ड्यात एक कामगार मातीखाली अडकला. त्याला काढायला पिंपरी-चिंचवड दलाचे जवान खाली उतरले. काम चालू असतानाच माती पुन्हा ढासळली आणि जवानही गाडले गेले. त्यांच्यातले विशाल जाधव गेले. कामगारही वाचला नाही. या घटनेत आग कुठेच नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये कोंढव्यात भिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला आणि २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढा वस्त्यांमध्ये शिरला. पुण्यात ‘फायर ब्रिगेड’ला बोलावणे येते ते असे माती, पाणी, लिफ्ट, झाड, मांज्यात अडकलेला पक्षी अशा कशासाठीही.

२६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. आगीत कोणी दगावले नाही. ती विझवून पहाटे घरी परतताना पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अग्निशमन दलाचे प्रमुख प्रकाश हसबे यांचा येरवड्याजवळ रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला. शौर्य पदकाच्या व्याख्येत हा मृत्यू बसवणे अवघड आहे. अपघात आगीच्या ठिकाणी झाला नाही. पण रात्रभर आगीशी झुंजून निघालेल्या माणसाचे काम नेमके कुठे संपले, बोर्डाच्या गाडीपाशी की घराच्या दारापाशी, याचे उत्तर नियमांच्या भाषेत देता येईल असे वाटत नाही.

मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्याच दिवशी गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर पुढच्या दिवसांत रुग्णालयात गेले. दलाचा प्रमुखच आत होता, ही गोष्ट राज्यातल्या अग्निशमन केंद्रांत आजही सांगितली जाते.

शहराचा सत्कार

सरकारी पदकाशिवाय शहराचा आपला एक सन्मान असतो. गणेश मंडळे आणि सामाजिक संस्था शाल-श्रीफळ देतात, रक्षाबंधनाला मुली केंद्रावर येऊन जवानांना राख्या बांधतात, विसर्जनाला घाटावर उभ्या जीवरक्षकांना कोणी चहा आणून देते. यात शिफारस लागत नाही आणि चालक, तांडेल, जवान असा भेदही होत नाही. त्या अर्थी हा सत्कार पदकापेक्षा उदार आहे. पण शालीने पाळीवरची माणसे वाढत नाहीत. रिक्त पदे हा पुणे महापालिकेच्या दलाचा जुना प्रश्न आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली, हद्द साधारण दुप्पट झाली, आणि १०१ क्रमांकावर आलेल्या फोनला गाठायचे अंतरही वाढले.