बोगोरिया सरोवर
केनियातील बारिंगो कौंटीत, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस, ग्रेट रिफ्ट खचदरीत असलेले खारे, अल्कधर्मी सरोवर. वसाहतकाळातील नाव लेक हॅनिंग्टन. पाण्याला बाहेर वाट नसल्याने क्षार साचत गेले. त्यात मासे टिकत नाहीत, पण सूक्ष्म नीलहरित शैवाल भरपूर वाढते. त्यावर छोट्या रोहित पक्ष्यांचे प्रचंड थवे पोसतात. ठाणे खाडीतही ही जात दिसते. शैवाल घटले की थवे नाकुरूसारख्या सरोवरांकडे जातात. पश्चिम काठावर लोबुरू येथे भूगर्भातील उष्णतेने तापलेले पाणी झऱ्यांतून व उसळत्या फवाऱ्यांतून वर येते. अलीकडे सरोवराची पातळी वाढल्याने काही झरे बुडाले. २००१ साली रामसर पाणथळ क्षेत्र, तर २०११ साली जागतिक वारसास्थळात समावेश.