भजनी मंडळातील प्रौढ शिष्य : पाटण खोऱ्यातील तालशिक्षणाचा इतिहास

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटणच्या परिसरात चर्मवाद्य, म्हणजे कातडे ताणून मढवलेले वाद्य, शिकण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. पहिली जन्माने अंगावर येणारी होती आणि दुसरी इच्छेने पत्करली जाणारी. संसाराला लागलेल्या, विशी-तिशी उलटलेल्या माणसाने आयुष्यात प्रथमच तालवाद्यावर हात ठेवण्याचा इतिहास हा या दुसऱ्या परंपरेचा इतिहास असून, घराण्यांच्या कीर्तीपुढे तो झाकलेला राहिला आहे.

पहिल्या परंपरेत वादन हा गावगाड्यातील कामाचा भाग होता. देवळातील पूजा-वादन गुरवांकडे, तर लग्नकार्य, जत्रा आणि कुस्तीचे मैदान येथील वादन बहुधा मातंग व होलार समाजांकडे असे. गोल कड्यावर कातडे मढवून दोन काठ्यांनी वाजवली जाणारी हलगी, तिच्या जोडीचे घुमके आणि झांजेसारखे कैताळ ही वाद्ये या समाजांतील मूल चालू-बोलू लागताच कानावरून आणि हातावरून शिकत असे. हलगीचे कातडे सैल पडले की ती जाळावर शेकून पुन्हा कडक करणे हेही त्याच शिक्षणात येई. या कौशल्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये : ज्याला वाजवावेच लागत होते, त्याच्यासाठी वाद्य हा छंद नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची अपमानास्पद कामे सोडण्याचे आवाहन केल्यानंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वाद्य खाली ठेवणे हाच स्वाभिमानाचा मार्ग ठरला. एकाने वाद्य स्वेच्छेने उचलणे आणि दुसऱ्याने ते स्वेच्छेने खाली ठेवणे या दोन्ही घटना एकाच सामाजिक इतिहासात मोडतात, आणि त्या एकत्र वाचल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

दुसरी परंपरा भजनाची होय. पाटण तालुक्यातील चाफळ येथे समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये राममंदिर उभारून रामनवमीचा उत्सव सुरू केला, तर वारकरी संप्रदायाची भजने गावोगावच्या देवळांत रुजली. या दोन्ही प्रवाहांत टाळांच्या साथीला मृदंग, म्हणजेच पखवाज, लागतो. लाकडी खोडाच्या या वाद्याचे उजवे तोंड शाईच्या गोल लेपामुळे सुरात बोलते आणि डाव्या तोंडावर वादनापूर्वी कणकेचा गोळा थापला की त्यातून भरदार, घुमणारा नाद निघतो. भजनी मंडळात पखवाज शिकायला घराणे लागत नसे. रात्री देवळात येऊन बसण्याची तयारी आणि जाणत्या पखवाज्याची संमती एवढ्यावर शिक्षण सुरू होई.

प्रौढ माणसाला हे साधत असे त्याचे कारण भजनाच्या रचनेतच आहे. अभंगाला बहुतेक वेळा आठ मात्रांचा धुमाळी किंवा भजनी ठेका पुरतो. ठेका म्हणजे तालाचे ठरलेले, पुन्हा पुन्हा येणारे बोल. अभंगाची चाल लहानपणापासून कानात मुरलेली असल्यामुळे शिकणाऱ्याला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा आधीच ठाऊक असे. नवखा असे तो केवळ हात. म्हणून आधी बोल तोंडाने म्हणायचे, मग मांडीवर हाताने मोजायचे आणि शेवटी वाद्यावर आणायचे, हा क्रम पाळला जाई. कुदळ-फावड्याने घट्टे पडलेल्या तळहाताला ‘धा’ आणि ‘थुं’सारखे उघड्या थापेचे बोल लवकर वश होत, ‘तिरकिट’सारखे बोटांच्या चपळाईचे बोल मात्र वर्षानुवर्षे दाद देत नसत. अशा वादकाचे सरळ ठेक्यातले वादन शास्त्रीय कसोटीला कदाचित उतरणार नाही, परंतु रात्रभराचे भजन तेच पेलून धरते, आणि त्याची योग्यता याच कसोटीवर ठरवली पाहिजे.

विसाव्या शतकात हे शिक्षण डोंगर उतरून मुंबईला गेले. पाटणच्या डोंगराळ गावांतील असंख्य पुरुष गिरण्यांत आणि गोदी-बाजारांत हमालीला लागले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे, आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या गावकऱ्यांना चाळीतील भजनी मंडळाने गावाचे देऊळच परत दिले, आणि कामाच्या पाळीनंतर पखवाज शिकलेला माणूस जत्रेला किंवा सप्ताहाला गावी आला की मंडळाला नवा वादक मिळे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कायमचे गावी परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर ही विद्याही परतली.

दरम्यान तालविद्येचा शास्त्रीय प्रवाह वेगळ्या वाटेने सर्वांसाठी खुला झाला. पखवाजाच्या पानसे घराण्याचे प्रवर्तक नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे. त्यांची कारकीर्द इंदूरच्या होळकर दरबारात बहरली आणि विद्या शिष्यपरंपरेतून पसरली. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून अभ्यासक्रम, लिपी आणि परीक्षा यांची घडी बसवली. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे मिरजेत मुख्य ठाणे असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे नोकरदार माणसालाही तबल्याचा पायरीपायरीने अभ्यास करता येऊ लागला. तथापि पाटणच्या प्रौढ शिष्याला पहिली शाळा दिली ती भजनी मंडळाने, हे निःसंशय म्हणता येते.

या शाळेचे पाठ तोंडीच राहिले. गिरणीत किंवा गोदीत राबून पखवाज शिकलेले वृद्ध वादक आज ज्या ज्या गावात हयात असतील, तेथील तरुणांनी त्यांच्या तोंडचे बोल, त्यांच्या गुरूंची नावे आणि त्यांच्या मंडळांच्या जुन्या वह्या यांची नोंद याच वर्षी करून ठेवावी.